वाचक विचारतात : लोणारला दोन तासांत काय बघणार?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ट्रिपचे प्रश्न यायला लागतात हे ठरलेलंच, पण यावेळी गोवा-महाबळेश्वर मागे पडलंय आणि लोणारबद्दल, म्हणजे उल्का आदळून झालेल्या तिथल्या खाऱ्या सरोवराबद्दल, बऱ्याच जणांनी विचारलंय. समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पूर्ण सुरू झाला तेव्हापासून मुंबई-ठाणेवाल्यांना बुलढाणा जिल्हा एकदम शेजारचा वाटायला लागलाय बहुतेक. म्हणून यावेळचं सगळं पान लोणारलाच देऊन टाकलंय, बाकीच्यांनी प्लीज रागावू नका, तुमची पत्रं पुढच्या अंकात.

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीला राहतो. मी, मिस्टर, दोन मुलं (मुलगा सहावीत, मुलगी दुसरीत) आणि सासूबाई असे पाच जण. मुलाने शाळेत उल्केवर प्रोजेक्ट केला तेव्हापासून घरात लोणार लोणार चालू आहे. सासूबाईंना शेगावला जायचंय. मिस्टर म्हणतात एवढं लांब जातोय तर अजिंठा-वेरूळ पण करून टाकू. ट्रॅव्हलवाल्याने तीन दिवसांचा प्लॅन दिलाय, पहिल्या दिवशी वेरूळ, दुसऱ्या दिवशी सकाळी अजिंठा, मग लोणारला दोन तास, रात्री शेगाव मुक्काम आणि तिसऱ्या दिवशी दर्शन करून परत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली उतरता येईल का? आणि दोन तास पुरतील ना?

नाही पुरणार. आणि खरं सांगू का, ते दोन तास पण तुम्हाला मिळणार नाहीयेत. हिशोब करून बघा, अजिंठ्याच्या लेण्या नीट बघायच्या म्हणजे दुपारचा एक वाजतोच, त्यात लहान मुलं आणि आजी. तिथून बुलढाणा, चिखली, मेहकर करत लोणार साधारण दीडशे किलोमीटर, रस्ता कुठे चांगला कुठे नाही, मध्ये जेवण, मध्ये चहा, मध्ये कुणालातरी गाडी लागणार, म्हणजे पोचायलाच पाच-साडेपाच. थंडीत सहाच्या आधी सूर्य मावळतो. सरोवराभोवती अभयारण्य आहे, त्या वेळेला वनखात्याची माणसं तुम्हाला खाली उतरू देणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे, खाली बिबट्या पण आहे. मग काय होणार, तर वरच्या कठड्यावर उभं राहून सगळे फोटो काढणार, मुलगा हिरमुसणार, आणि ड्रायव्हर घड्याळ दाखवणार कारण पुढे शेगाव अजून तीन तास. असं लोणार बघून आलेले लोक मी खूप पाहिलेत, तेच लोक नंतर सांगत फिरतात की "काही नाही हो, एक खड्डा आहे."

माझं म्हणणं एकच आहे, लोणारला एक रात्र राहा आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ त्याला द्या. बाकी कशात काटकसर करायची ती करा. त्यासाठी अजिंठा-वेरूळ या ट्रिपमधून काढून टाकावं लागेल, मिस्टरांना समजवा. त्या दोन ठिकाणांना तसेही वेगळे दोन दिवस लागतात. आणि कधीही गेलात तरी अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद हे लक्षात ठेवा, सुट्टीत तिथे जाऊन गेटवरून परत येणारी माणसं कमी नाहीत.

तुमच्यासाठी मी असं करेन. रात्री कल्याणला देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, पहाटे जालना. मुलं झोपेत पोचतात, दिवस वाया जात नाही. जालन्यातून गाडी आधीच ठरवून ठेवायची, दोन दिवसांसाठी, शेगावला सोडण्याच्या बोलीवर. स्टेशनवर उतरल्यावर गाडी शोधत बसू नका, पहाटे पाच वाजता आजींना घेऊन भाव करत उभं राहायचं नसतं. जालन्याहून तास-पाऊण तासावर सिंदखेड राजा, तिथे लखुजीराव जाधवांचा वाडा म्हणजे जिजाऊंचं जन्मस्थान, ते आरामात बघा, मुलांना इतिहासाच्या पुस्तकात आहेच. तिथून लोणार पन्नास-पंचावन्न किलोमीटर. जेवायच्या वेळेला लोणारला. दुपारी झोप काढा. हो, झोप. ट्रिपला जाऊन दुपारी झोपणं म्हणजे पैसे वाया असं समजणारे लोक संध्याकाळी मुलांवर ओरडत असतात.

चार-साडेचारला गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा. इथे सासूबाई तुमच्याबरोबर असतील, गावातच आहे, फार चढउतार नाही. चालुक्यांच्या काळातलं मानतात, बाहेरून तारकाकृती, भिंतींवर इतकं कोरीवकाम आहे की मान दुखते. आत अंधार असतो म्हणून चांगला टॉर्च न्या, मोबाईलचा नको, छताचं शिल्प त्या उजेडात दिसत नाही. छतावर लवणासुराच्या वधाची गोष्ट कोरलीय. सासूबाईंनाच सांगू द्या ती गोष्ट मुलांना, की लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली राहायचा, लोकांना छळायचा, मग विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं आणि हा खड्डा म्हणजे त्याचं बिळ आणि पाणी म्हणजे त्याचं रक्त वगैरे. तुमचा सहावीतला मुलगा म्हणेल "आजी, ती उल्का होती", मग दोघांची जुंपेल, जुंपू द्या, ट्रिपमधला सगळ्यात छान भाग तोच असेल.

सूर्यास्ताला वर काठावर या. हे दृश्य सासूबाईंनाही मिळतं आणि त्यांना खाली न उतरल्याची रुखरुख राहत नाही.

आता उतरण्याचं. गुडघे दुखत असतील तर नकोच, सरळ सांगते. उतरताना वाटतं जमतंय, पण खोली जवळजवळ दीडशे मीटर आहे आणि तेवढंच परत चढायचं असतं, वाट दगडगोट्यांची, काही ठिकाणी पायऱ्या काही ठिकाणी नुसती माती. वर येताना गुडघे बोलायला लागले की तिथे ना डोली ना काही. त्यांच्यासाठी सकाळी गोमुख, म्हणजे लोक ज्याला धार म्हणतात ते ठिकाण. काठावरच गोड्या पाण्याची बारमाही धार पडते, कुंड आहे, देवळं आहेत, लोक आंघोळ करतात, पूजा करतात. खाली सगळं खारं पाणी आणि वरून गोड्या पाण्याची धार, हे मला तर उल्केपेक्षा जास्त नवल वाटतं. पायऱ्या थोड्या आहेत, हात धरून नेलंत तर जमेल. एक मोठं माणूस त्यांच्याबरोबर थांबेल आणि एक मुलांबरोबर खाली जाईल, ते कोण हे तुम्ही नवरा-बायको ठरवा, मी त्यात पडत नाही. दोघं जर खाली गेलात आणि आजींना गाडीत बसवून ठेवलंत तर मात्र मला पुन्हा पत्र लिहू नका.

खाली जाताना सकाळी गेट उघडलं की लगेच निघा. वेळा आणि तिकिटं बदलत असतात म्हणून आदल्या संध्याकाळीच वनखात्याच्या चौकीवर विचारून ठेवा आणि स्थानिक गाईड ठरवून टाका. गाईड म्हणजे फालतू खर्च असं मिस्टर म्हणतील. इथे तसं नाहीये, खाली जंगलात वाटा फुटतात, पाट्या सगळीकडे नाहीत, आणि कुठलं देऊळ कुठलं हे गाईडशिवाय कळत नाही. कुठल्या वाटेने उतरायचं तेही तोच सांगेल, मुलगी दुसरीत आहे हे त्याला आधी सांगा म्हणजे सोपी वाट धरेल. उतरायला अर्धा-पाऊण तास, चढायला तासभर धरा. बूट हवेत, चप्पल-सँडल नको. फुल पँट, काटेरी बाभळी आहेत. प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली कारण खाली टपरी-बिपरी काही नाही आणि नसलेलीच बरी. खाऊ पाठीवरच्या सॅकमध्ये बंद, हातात वेफर्सचं पाकीट दिसलं की वानरं येतात.

आणि मुलांसाठी एक गंमत करा. घरून निघताना साध्या पांढऱ्या कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवून न्या. सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे, पीएच दहाच्या आसपास. काठावर गाईडला विचारून त्या कागदावर एक थेंब टाका, पिवळा कागद लालसर होतो. नंतर त्याच कागदाच्या दुसऱ्या टोकाला बाटलीतलं पाणी टाका, काही होत नाही. हळदीत चुना घालून कुंकू करायचे तेव्हा हेच व्हायचं, सासूबाईंना माहिती असेल. लिटमस पेपर नेलात तरी चालेल पण हळदीचं मुलं विसरत नाहीत.

दुपारी जेवून मेहकरमार्गे शेगावला निघा. मेहकरला शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची मोठी मूर्ती आहे, अर्धा तास काढलात तर सासूबाईंना अजून एक दर्शन. पुढे खामगाव, शेगाव. रात्री शेगावला मुक्काम, पहाटे दर्शन घ्या, गर्दी कमी असते, दिवसभर आराम आणि रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस थेट कल्याण. ट्रेनच्या वेळा मात्र तुम्ही स्वतः चेक करा, छापील पानाच्या भरवशावर स्टेशनला जाऊ नका. तिकिटं आजच काढा, दिवाळीत शेगावची वेटिंग लिस्ट बघून गजानन महाराजच आठवतात.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, पुणे. घरचे लोणारला जायचं म्हणतायत. फोटो बघितले, हिरवं पाणी आणि झाडं, असे तलाव आपल्याकडे ढीगभर आहेत. उगाच हाइप आहे का? नेटवर कुठे 50 हजार वर्षं लिहिलंय कुठे पाच लाख, म्हणजे कुणालाच काही माहिती नाही असं दिसतंय.

इंजिनिअरिंगला आहेस म्हणून अरेतुरे करते, चालेल ना. तलाव ढीगभर आहेत रे, पण ते धरणाचे नाहीतर पावसाचे. हा सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा जवळपास गोल खड्डा आहे, कडा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर वर उचललेल्या, मोठी परात जमिनीत दाबून बसवावी तशा. आपला अख्खा दख्खन बेसाल्टचा, लाव्हाचे थर. बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर दुसरं नाही. चंद्रावर आणि मंगळावर पण बेसाल्ट आहे आणि विवरं आहेत, म्हणून तिकडचा अभ्यास करणारी माणसं बुलढाण्यात येऊन दगड तपासतात. तुझ्या कॉलेजपासून एका दिवसाच्या रस्त्यावर आहे हे. हाइप म्हणतोस?

बरं, हे उल्केचं आहे हे पण लगेच कळलं नव्हतं. इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने 1823 मध्ये याची नोंद केली, त्यानंतर कितीतरी वर्षं सगळे हे ज्वालामुखीचं तोंड समजत होते, आणि ते साहजिकच होतं कारण चहूकडे लाव्हाच. 1896 ला गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाने अॅरिझोनाच्या विवराशी याचं साम्य दाखवलं. पक्कं झालं ते 1970 च्या दशकात, इथे ड्रिलिंग करून खालचे दगड काढले तेव्हा त्यात मास्केलिनाइट सापडलं. हे खनिज वितळून झालेलं नसतं, प्रचंड आघाताच्या दाबाने स्फटिकाची रचना मोडून काचेसारखी होते. ज्वालामुखीत असा दाब तयार होत नाही. म्हणजे पुरावा डोळ्यांना दिसणारा नव्हताच, मायक्रोस्कोपखाली होता.

वयाचं म्हणशील तर "कुणालाच माहिती नाही" असं नाहीये. दोन वेगळ्या पद्धती आहेत. थर्मोल्युमिनेसन्सने, म्हणजे दगड तापवून त्यातून निघणाऱ्या उजेडावरून वय काढायच्या पद्धतीने, साधारण 52 हजार वर्षं आलं, जुन्या पाट्यांवर आणि गाईडच्या तोंडी हाच आकडा असतो. नंतर आघाताने वितळलेल्या दगडांचं आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने मोजमाप झालं, ते 5 लाख 70 हजारच्या आसपास, यात चाळीस-पन्नास हजार वर्षं इकडे-तिकडे. दगड वितळला तेव्हापासूनचं घड्याळ ही दुसरी पद्धत वाचते, म्हणून हल्ली तिच्यावर जास्त भरवसा ठेवतात. गाईडशी यावरून वाद घालत बसू नकोस, शांतपणे दोन्ही आकडे सांग, मी बघितलंय की चांगला गाईड लगेच वही काढतो.

प्रश्न : आम्हाला गुलाबी झालेलं पाणी बघायचंय. कुठल्या महिन्यात होतं? पॅकेजवाला म्हणतो गॅरंटी देतो. (नाशिक)

पॅकेजवाल्याला विचारा गॅरंटी लेखी देतोस का. 2020 च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं, लॉकडाऊन होतं, फोटो जगभर फिरले, आणि कुणीकुणी काय काय कारणं काढली तेव्हा. प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढे पण गेलं, पाण्याचे नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं की हे हॅलोआर्किया नावाच्या मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, त्यांच्यात गुलाबी रंगद्रव्य असतं. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारेपणा वाढला, त्यांची चंगळ झाली. पाऊस पडल्यावर पाणी वाढलं आणि रंग गेला. म्हणजे हे कॅलेंडरवर नाही. गेल्या काही वर्षांत तर उलट सरोवराची पातळी बरीच वाढलीय, काठच्या काही देवळांपर्यंत पाणी आलंय, त्यामुळे गुलाबीच्या आशेने जूनच्या उकाड्यात जाऊ नका.

एरवीचा तो हिरवा रंग पण साधा नाही हो. त्या खाऱ्या पाण्यात स्पिरुलिना वाढतं, तेच ज्याच्या गोळ्या मेडिकलमध्ये महाग मिळतात. काठावर गेलात की कुजकट वास येईल, अंड्यासारखा, मुलं नाक धरतील, ते गटाराचं पाणी नाही तर चिखलातल्या जिवाणूंचं काम आहे. त्या चिखलात पाय घालू नका, वरून वाळलेला दिसतो आणि आत घोट्यापर्यंत जातो.

प्रश्न : नागपूरहून मी, बायको आणि आठ वर्षांचा मुलगा बाईकवर समृद्धीने पहाटे निघून लोणार बघून रात्री परत, असं जमेल का? मेहकरला उतरून जवळच आहे ना?

भाऊ, समृद्धीवर बाईक चालत नाही. टू-व्हीलर आणि रिक्षा दोन्हीला बंदी आहे, एंट्रीवरच परत पाठवतील. जुना रस्ता म्हणजे कारंजा, मालेगाव, मेहकर असा, पण तीनशेच्या वर किलोमीटर एका बाजूने, तिघं बाईकवर आणि त्यातला एक आठ वर्षांचा, तेच अंतर त्याच दिवशी परत? नको. गाडी भाड्याने घ्या नाहीतर बसने मेहकर गाठा, मेहकरहून लोणार पंचवीसेक किलोमीटर, एसट्या आहेत.

गाडीने समृद्धीवरून जाणार असाल तर निघायच्या आधी टायर तपासा, हवा जास्त भरू नका, आणि दीड-दोन तासांनी थांबायचं म्हणजे थांबायचं. सरळसोट रस्ता, वळण नाही, झाड नाही, डोळे उघडे ठेवून झोप लागते माणसाला. मेहकरच्या इंटरचेंजला बाहेर पडा. एका दिवसात होतं पण वर सांगितलं तेच तुम्हालाही लागू आहे, ऊन चढल्यावर पोचाल आणि खाली उतरायची इच्छा राहणार नाही. आदल्या दिवशी दुपारी निघा की, रात्री लोणारला राहा. एमटीडीसीचं रिसॉर्ट सरोवराच्या जवळच आहे, गावात लॉज पण आहेत, फार अपेक्षा ठेवू नका, स्वच्छ चादर आणि गरम पाणी मिळालं की झालं.

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर्ड, वय 67 आणि 64, पुण्यात असतो. गाडी चालवत नाही. एसटीने जाता येईल का? मुलगा-सून म्हणतात मे महिन्यात सगळे मिळून जाऊ.

काका, एसटीने मस्त जाता येईल, आणि तुम्हाला तर अर्ध्या तिकिटात. 65 च्या वर अर्धं तिकीट, काकूंना महिलांचं अर्धं तिकीट आहेच. पुणे ते छत्रपती संभाजीनगर किंवा थेट जालना, तिथे एक मुक्काम करा, एका दमात करू नका, एकूण पावणेचारशेच्या पुढे किलोमीटर होतं. दुसऱ्या दिवशी जालना किंवा संभाजीनगरहून लोणार. थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर मेहकरला बदला. आधारकार्ड वरच्या खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको.

मे महिन्याला मात्र माझा विरोध आहे. बुलढाण्यात तेव्हा पारा चाळिशीच्या वर, विवराच्या आत वारा नाही, बाभळीची सावली ती काय असणार. एकच कारण आहे मे मध्ये जायचं, मेच्या मध्याला काही दिवस दैत्यसूदनाच्या मूर्तीवर सूर्याची किरणं पडतात, ते बघायला लोक मुद्दाम येतात. त्याची आवड असेल तर जा, मंदिर बघा, धारेवर जा, खाली उतरू नका आणि दुपारी खोलीतून बाहेर पडू नका. नाहीतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोन्यासारखे महिने आहेत, सकाळी स्वेटर लागतो, पाण्यावर पक्षी असतात, टिबुकल्या तर भरपूर, नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो) पण. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये याला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला, आपल्या राज्यात नांदूर मध्यमेश्वरनंतर हे दुसरं. दुर्बीण असेल तर न्या. मुलगा-सुनेला सांगा सुट्टी जानेवारीत काढा, शाळेचे दोन दिवस बुडले तर नातवंडांचं काही बिघडत नाही.

श्रावणात गेलात तर सगळं हिरवंगार, मोर ओरडतात, पण उतरण निसरडी होते. तुम्ही दोघांनी पावसात वरूनच बघा.

प्रश्न : नवरात्रात कमळजा देवीला जायचंय, तेव्हाच सरोवर पण बघून होईल ना? (वाशीम)

होईल, पण गर्दीतून. कमळजा देवीचं देऊळ खाली अगदी काठावर आहे आणि नवरात्रात यात्रा भरते. देवीसाठी जात असाल तर बेलाशक जा, सोबत असते, वाटेवर माणसं असतात. जंगल, पक्षी, शांतपणा यासाठी जायचं असेल तर नवरात्र सोडून. पाण्याची पातळी वाढल्याने देवळापर्यंत वाट कुठून चालू आहे ते चौकीवर विचारा, गेल्या वर्षी कुणी गेलं होतं त्याच्या भरवशावर जाऊ नका. काठाने पूर्ण फेरी पण होईलच असं नाही.

प्रश्न : होकायंत्र तिथे वेडंवाकडं फिरतं म्हणे, खरं का? आणि एखादा दगड उचलून आणला तर चालतो का? मुलीला शोकेसमध्ये ठेवायचाय.

गाईड लोक दगडांजवळ होकायंत्र धरून सुई हललेली दाखवतात, गावाजवळ झोपलेल्या मारुतीचं देऊळ आहे तिथेही दाखवतात, बघा की, मजा येते. फक्त बेसाल्टमध्ये मुळातच लोहाची चुंबकीय खनिजं असतात, सह्याद्रीतल्या कुठल्याकुठल्या दगडाजवळ पण सुई हलते, त्यामुळे "उल्का अजून खाली पुरलेली आहे" वगैरे ऐकलंत तर नुसती मान हलवा. एवढ्या वेगाने आदळलेली उल्का आदळतानाच जवळजवळ सगळी वितळून, वाफ होऊन जाते.

दगड नाही आणायचा. अभयारण्य आहे आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक पण आहे. दगड, झाडाची फांदी, पक्ष्याचं पीस, बाटलीत भरून पाणी, काहीच नाही. एकेकाने एकेक म्हणत शोकेसला नेला असता तर काठ उरला नसता. पूर्वी याच पाण्यातून क्षार काढून विकायचे, दल्ला, खुप्पल, पापडी अशी त्यांची वेगवेगळी नावं होती, साबण आणि काचेच्या कामाला जायचे, तो धंदा कधीच बंद झाला. मुलीला सांगा दगडाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढ, भूगर्भवाले असंच करतात, म्हणजे दगड केवढा होता ते कळतं. फोटोची प्रिंट शोकेसमध्ये ठेवा.

प्रश्न : खायला काय मिळतं तिथे? मुलं पिझ्झाशिवाय जेवत नाहीत. (ठाणे)

मग दोन दिवस उपास घडेल त्यांना, काही होत नाही. लोणार छोटं गाव आहे. साध्या खानावळीत पिठलं-भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, वरण-भात मिळतं, तिखट असतं, आधी सांगा "मुलांसाठी कमी तिखट" आणि दही मागून घ्या. जेवणाची ऑर्डर सकाळी खाली उतरायच्या आधीच देऊन जा, नाहीतर वर येऊन भुकेले तासभर बसाल. जालन्यातून येत असाल तर मोसंबी घ्या, तिकडची प्रसिद्ध आहे, चढून वर आल्यावर मीठ लावून खायला त्यासारखं दुसरं काही नाही. शेगावला पुढे जाणार असाल तर कचोरी आहेच, आणि ती मुलं खातात, आत्तापर्यंत तरी न खाणारं मूल मला भेटलेलं नाही.